पगाराची कमाल मर्यादा आणि विनिपेगची गोष्ट

जानेवारी २०२५ संपता संपता नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएलने, पुढच्या तीन हंगामांचे आकडे एकदमच जाहीर केले. एका संघाला खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त किती खर्च करता येईल, त्याचे हे आकडे. २०२४-२५ साठी ही मर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलर होती. २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख, पुढच्या वर्षी १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ ला ११ कोटी ३५ लाख. खेळाडू खूश, एजंट खूश, मोठ्या शहरांतले चाहते तर फारच खूश.

पण त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता. त्यावर फार कुणी बोललं नाही. प्रत्येक संघाने कमीत कमी किती खर्च केलाच पाहिजे, तो रकाना. २०२७-२८ साठी ही किमान मर्यादा आहे ८ कोटी ३९ लाख. आता २०२३-२४ ची कमाल मर्यादा बघा. ती होती ८ कोटी ३५ लाख. म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्याच्या वर जायला कायद्याने बंदी होती, त्याच्या खाली राहायला चार वर्षांनी बंदी!

हे असं पहिल्यांदाच होत नाहीये. छोट्या शहरांच्या संघांचं काय होणार हे समजायचं असेल, तर ही गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

आपल्याला आयपीएलची ‘पर्स’ माहीत आहे. लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रकमेतच खरेदी करावी लागते. एनएचएलची मर्यादा साधारण तशीच. पण एक मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये प्रसारणाच्या पैशाचा मोठा वाटा बोर्डाकडून सगळ्या संघांत वाटला जातो. त्यामुळे स्टेडियम लहान असलं तरी संघ उपाशी मरत नाही. एनएचएलमध्ये तिकिटं, खाणंपिणं, बॉक्स आणि स्थानिक प्रायोजक यांवर संघाचं बरंच काही अवलंबून असतं. म्हणजे तुम्ही कुठल्या गावात आहात, यावर.

आता मागे जाऊ. ऑगस्ट १९८८. कॅनडातल्या एडमंटनचा संघ ‘ऑइलर्स’ तेव्हा ऐन भरात होता. पाच वर्षांत चार वेळा स्टॅनली कप. संघात वेन ग्रेट्झ्की, म्हणजे या खेळातला सचिनच म्हणा. आणि मालक पीटर पॉकलिंग्टनने तो चक्क लॉस एंजेलिसला देऊन टाकला. या व्यवहारात रोख दीड कोटी डॉलर होते. कॅनडाच्या संसदेत यावर आवाज उठला. पण पैशाचा ओघ कुठून कुठे जातोय, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

नव्वदच्या दशकात तो ओघ पूर झाला. पगार वाढत होते आणि ते अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागत. कॅनडातल्या संघांची कमाई मात्र कॅनेडियन डॉलरमध्ये. हा डॉलर घसरत घसरत २००२ च्या सुरुवातीला ६२ अमेरिकन सेंटच्या आसपास आला. घरात येणारा पैसा एका चलनात आणि देणी दुसऱ्या चलनात असली की काय होतं, हे परदेशी शिक्षणाचं कर्ज काढलेल्या कुठल्याही आईबापांना विचारा.

१९९५ मध्ये क्यूबेक शहराचा संघ डेन्व्हरला गेला. पुढच्याच वर्षी त्याने तिथे स्टॅनली कप जिंकला. क्यूबेकच्या लोकांनी तो टीव्हीवर बघितला! १९९६ मध्ये विनिपेगचा ‘जेट्स’ वाळवंटातल्या फिनिक्सला गेला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्याच हार्टफर्डचा संघ नॉर्थ कॅरोलिनाला. तीन वर्षांत तीन गावं ओस.

विनिपेगच्या लोकांनी संघ वाचवायला काय केलं नाही? मोर्चे काढले, वर्गणी गोळा केली, शाळकरी पोरांनी आपल्या गल्ल्यातले पैसे आणून दिले. त्या जोरावर संघ आणखी एक हंगाम थांबला, एवढंच. जानेवारी २००० मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने हॉकी संघांना मदत देण्याची योजना जाहीर केली. मंत्री जॉन मॅन्ली यांनी ती तीनच दिवसांत मागे घेतली. दवाखान्यांना पैसा नाही आणि कोट्यधीश खेळाडूंच्या पगाराला आहे का, असा लोकांचा सवाल होता. प्रश्न रास्तच होता.

तर अशा वातावरणात लीगचे कमिशनर गॅरी बेटमन यांनी पगारावर मर्यादा हवीच असा हट्ट धरला. मर्यादा नसेल तर छोटी शहरं बुडतील, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य होतं. डेट्रॉइटसारखा संघ वर्षाला साडेसात कोटी डॉलरच्या वर पगार वाटत होता आणि तळाच्या संघांना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच परवडत होतं. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. मालकांनी टाळं लावलं. १६ फेब्रुवारी २००५ ला बेटमन यांनी अख्खा हंगाम रद्द केला. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या लीगचा पूर्ण हंगाम पगाराच्या भांडणात वाया जाण्याची ही पहिलीच वेळ. १९१९ मध्ये साथीच्या फ्लूमुळे स्टॅनली कप कुणालाच मिळाला नव्हता. त्यानंतर तसं थेट २००५ मध्ये घडलं.

शेवटी खेळाडू नमले. चालू करारांवर २४ टक्के कपात झाली आणि कमाल मर्यादा आली: ३ कोटी ९० लाख. किमान मर्यादा: २ कोटी १५ लाख.

आणि सुरुवातीला जादू झालीच. ऑगस्ट २००५ मध्ये एडमंटनने क्रिस प्राँगर हा जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक खेळाडू मिळवला. वर्षभरापूर्वी हे स्वप्नातही शक्य नव्हतं. २००६ मध्ये एडमंटन थेट अंतिम फेरीत गेलं आणि सातव्या सामन्यात हरलं. समोर कोण होतं? कॅरोलिना, म्हणजे हार्टफर्डहून उठून गेलेला तोच संघ.

पण अंतिम फेरी संपते न संपते तोच प्राँगरने मला इथून जायचंय असं सांगितलं. तो कॅलिफोर्नियात अनाहाइमला गेला आणि पुढच्या वर्षी तिथे कप जिंकला. एडमंटन पुढची सलग दहा वर्षं बाद फेरीतसुद्धा पोचलं नाही. पगाराला मर्यादा घालता येते. उणे तीसच्या थंडीला आणि समुद्रकिनाऱ्याला ती कशी घालणार?

आता या व्यवस्थेची खरी मेख. ही मर्यादा कुणी एकदा ठरवून कोरून ठेवलेली नाही. ती अख्ख्या लीगच्या उत्पन्नाला बांधलेली आहे. टोरोंटो, न्यूयॉर्क, मॉन्ट्रियल यांनी जास्त कमावलं की कमाल मर्यादा वाढते. कमाल वाढली की तिच्यासोबत किमान वाढते. आणि ती किमान रक्कम विनिपेग किंवा नॅशव्हिलच्या खिशातून जाते, त्यांनी तेवढं कमावलेलं असो वा नसो. शेजाऱ्याचा पगार वाढला म्हणून आपल्या घरातला वाणसामानाचा खर्च वाढवायचा, असा हा नियम.

२००८-०९ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, किमान मर्यादा ४ कोटी ७ लाखांवर गेली. ज्या ३ कोटी ९० लाखांच्या कमाल मर्यादेसाठी एक अख्खा हंगाम जाळला, तिच्याही वर!

यातून मग गमतीजमती सुरू झाल्या. फिनिक्सला गेलेला विनिपेगचा जुना संघ २००९ मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि लीगलाच तो चालवायला घ्यावा लागला. पुढे ‘ॲरिझोना’ नावाने खेळताना या संघाने किमान मर्यादा गाठायची अजब युक्ती काढली. खेळणं थांबलेल्या माणसांचे करार विकत घ्यायचे. हिशेबात मोठा आकडा आणि प्रत्यक्ष पगार अगदी कमी, असे करार. २०१५ मध्ये त्यांनी क्रिस प्राँगरचा करार घेतला. हो, तोच प्राँगर. २०११ नंतर तो एकही सामना खेळला नव्हता, लीगच्याच कार्यालयात नोकरी करत होता आणि त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सत्कार झाला. पण कागदोपत्री तो ॲरिझोनाचा खेळाडू. हिशेबात सुमारे ४९ लाख डॉलर, हातात पावणेसहा लाख. दहा वर्षांपूर्वी ज्याच्याकडे बघून लोक म्हणत होते की मर्यादेने छोटे संघ वाचले, तोच माणूस त्या मर्यादेला हुलकावणी द्यायच्या कामी आला. रोजगार हमीच्या हजेरीपटावरची भुताटकीची नावं आपल्याला नवीन नाहीत. तिथेही तेच चाललं होतं, फक्त राजीखुशीने आणि नियमात बसवून.

उलट बाजूने श्रीमंतांनीही वाटा शोधल्या. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने नॅशव्हिलचा कर्णधार शे वेबरला १४ वर्षांसाठी ११ कोटी डॉलर देऊ केले. मर्यादेच्या हिशेबात वर्षाला सरासरी फक्त ७८ लाखांच्या घरात. पण पहिली चार वर्षं दरवर्षी १ कोटी ३० लाख नुसता बोनस, तोही रोख. मर्यादा सरासरी मोजते, तिजोरीतली रोकड मोजत नाही. नॅशव्हिलने दात-ओठ खात तेवढेच पैसे देऊन त्याला राखलं. त्यानंतर पुन्हा टाळेबंदी झाली. २०१३ च्या करारात करारांच्या मुदतीवर बंधन आलं, खेळाडूंचा वाटा ५० टक्के झाला आणि गरीब संघांसाठीचा वाटपाचा निधी २० कोटी डॉलरपर्यंत वाढला.

विनिपेगला २०११ मध्ये पुन्हा संघ मिळाला. अटलांटातला संघ उठून तिथे आला. १३ हजार हंगामी तिकिटं बघता बघता संपली. मैदान सुमारे १५ हजार आसनांचं, लीगमधल्या सगळ्यात लहानांपैकी एक. १५ वर्षं लोकांनी वाट पाहिली होती. मी इथे सकाळी साडेसहाला उठून त्यांचे सामने बघतो. तो गोंगाट ऐकला की हे गाव पुन्हा संघ गमावेल असं वाटतच नाही.

पण २०२४ च्या सुरुवातीला मालक मार्क चिपमन यांनीच सांगितलं की हंगामी तिकिटं साडेनऊ हजारांच्या आसपास आली आहेत आणि हे फार काळ चालणार नाही. २०२४-२५ मध्ये याच संघाने साखळीत सगळ्यांत जास्त गुण मिळवले. म्हणजे खेळात काही कमी नव्हतं. गाव लहान आहे, एवढाच गुन्हा.

करोनाच्या काळात तीन हंगाम कमाल मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर गोठली होती, नंतरही दोन वर्षं जेमतेम हलली. छोट्या संघांना तो काळ, खरं सांगायचं तर, बरा गेला. मोठ्या संघांची मर्यादा भरलेली असायची आणि जागा असलेल्या संघाला त्याचा फायदा घेता यायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने अशाच अडकलेल्या एडमंटनचे दोन तरुण खेळाडू एकाच दिवशी उचलले. टंचाई हेच गरिबाचं हत्यार होतं. मर्यादा दरवर्षी ८०-९० लाखांनी वाढू लागली की टंचाई संपते. मग ज्याच्याकडे रोकड जास्त, त्याचं राज्य. २०२५ मध्ये मिनेसोटाने किरिल काप्रिझोव्हला वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलर दिले. आता हाच भाव सगळीकडे मागितला जाणार, विनिपेगमध्येसुद्धा.

शिवाय कॅनेडियन डॉलर आहेच. तो ७२ सेंट धरला तर २०२५-२६ ची ९ कोटी ५५ लाखांची मर्यादा गाठायला विनिपेगला स्वतःच्या चलनात १३ कोटींच्या वर मोजावे लागतात.

मी मर्यादेच्या विरोधात नाही. ती नसती तर विनिपेगला संघ परत मिळालाच नसता. खेळाडूंना वाढलेल्या उत्पन्नाचा निम्मा वाटा मिळतो, तोही त्यांच्या हक्काचा. माझं म्हणणं इतकंच की मर्यादा पगाराची स्पर्धा थांबवते, कमाईची दरी बुजवत नाही. ती बुजवायची तर उत्पन्न वाटून घ्यावं लागतं, आणि नेमकं तिथे मोठ्या शहरांचे मालक हात आखडता घेतात. २००५ मध्ये छोट्या गावांचं नाव पुढे करून खेळाडूंचा पगार कापला गेला. आता छोट्या गावांसाठी मालकांनी एकमेकांच्या खिशात हात घालायची वेळ आली आहे.

ॲरिझोनाचा संघ शेवटी दोन हंगाम विद्यापीठाच्या पाच हजारांहून कमी आसनांच्या मैदानात खेळला आणि २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला निघून गेला. तेव्हा पुढच्या वेळी विक्रमी कमाल मर्यादेची बातमी आली, तर शेजारचा रकानाही वाचा. कुठल्या गावाने गाशा गुंडाळायची तयारी ठेवावी, ते तिथे आधीच लिहिलेलं असतं.