वाईनचं पाणी आणि टीसीएल

परवा अमेरिकेतून पुतण्याचा फोन. "काका, घरी वाईन केली, पण तिला दवाखान्यासारखा वास येतोय." जन्मभर इतिहास-भूगोल शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! (तिकडे स्वतःपुरती वाईन घरी करता येते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा किनवटच्या मंडळींनी माझ्याकडे संशयाने बघू नये.)

तो द्राक्षाचा घट्ट रस विकत आणून त्यात नळाचं पाणी घालतो. दोष त्या पाण्यात होता. पाण्यातला क्लोरीन फळातल्या काही द्रव्यांशी मिळाला की तो औषधी वास येतो. नळातला इतकासा क्लोरीन यीस्टला सहसा मारत नाही, चव मात्र बिघडवतो.

हा क्लोरीन पाण्यात आला कसा, ते मला जास्त माहीत आहे. १८५४ मध्ये लंडनला डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा माग काढत एका सार्वजनिक पंपाचं पाणी दाखवून दिलं. पुढे आग्र्याला हॅन्किन नावाच्या साहेबाने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायचा आग्रह धरला. आपलं 'लाल औषध' ते हेच. आणि १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात रोजच्या रोज ब्लीचिंग पावडर पडू लागली. गावोगावी आपण जिला टीसीएल म्हणतो, तीच ही.

टीसीएल म्हटलं की मला आपल्या भागातलं एक गाव आठवतं. मी तिथे शिक्षक होतो. पाण्याला वास येतो म्हणून लोक कुरकुर करायचे आणि ओढ्याचं पाणी भरायचे. विहिरीत पावडर टाकायचं ज्याचं काम, तोही मग टाळायचा. पोतं कोपऱ्यात दगड होऊन पडलेलं. त्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि माझ्या चौथीच्या वर्गातली दोन मुलं गेली. हजेरीपटावरची त्यांची नावं खोडताना हात थांबला होता. तेव्हापासून नळाला क्लोरीनचा वास आला की मी नाक मुरडत नाही.

असो. पुतण्याला म्हटलं, पाणी रात्रभर पसरट भांड्यात उघडं ठेव, नाहीतर उकळून गार कर. क्लोरीन उडून जातो. पण काही शहरांत पाणी लांबवर टिकावं म्हणून क्लोरीनबरोबर अमोनियाही घालतात. त्यातून होणारं क्लोरॅमाइन असं सहजी उडत नाही. त्याने पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल काढून बघितला, तर नेमकं क्लोरॅमाइनच निघालं! मग कॅम्पडेनची गोळी. ती म्हणजे मेटाबायसल्फाइट; इंग्लंडमधल्या कॅम्पडेन गावावरून हे नाव पडलं. साधारण ७५ लिटरला एक गोळी चुरून टाकायची, ढवळायचं, थोडा वेळ थांबायचं. त्याची बादली वीस लिटरची, म्हणजे पाव गोळी पुरे.

फोन ठेवता ठेवता पुन्हा बजावलं, "गोळी वाईनच्या पाण्यातच टाक. घरात प्यायचं पाणी भरून ठेवता, त्याला हात लावू नकोस. घरात लहान मूल आहे."

"हो काका," म्हणाला.