बिनपगारी मार्गदर्शिका

संगणकाची मूळ कार्यप्रणाली बसवण्याची तबकडी हाती आली, तरी कोरे यंत्र नवख्या माणसाला काही समजावून सांगत नाही. तेथे त्याला सोबत असते ती लेखी सूचनांची. डिस्कचे भाग पाडताना त्यांतले एक वाक्य चुकले, तर आधीचे सारे पुसले जाते. हे जबाबदारीचे लिखाण केले कोणी?

१९९३ साली इयन मर्डॉक यांनी ‘डेबियन’चा आरंभ केला. कारखाना नाही, मालक नाही, हजेरीपट नाही! स्वयंसेवकांनी प्रणाली उभारली, तशीच तिची मार्गदर्शिकाही. ६ जून २००५ रोजी ३.१ आवृत्ती निघाली. फ्लॉपीच्या काळातला जुना सरंजाम जाऊन प्रणाली बसवणारा नवा प्रोग्राम आला. यंत्रांचे प्रकार ११. पण अकरा पुस्तके लिहिली नाहीत. एकाच मूळ संहितेत खुणा घालून ज्या यंत्राला जे लागू, तेवढेच निघावे अशी सोय केली.

खरा पेच निराळाच. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पडद्यावरचे एक वाक्य बदलले, की मार्गदर्शिका खोटी पडते आणि भाषांतरकारांची मेहनत वाया जाते. त्यावर तोड निघाली ‘मजकूर गोठवण्या’ची : प्रकाशनापूर्वी ठराविक काळ शब्द कोणी हलवायचे नाहीत. मी जन्मभर करार करीत आलो. पण दंड नाही, संपाची धमकी नाही, असा करार आमच्या धंद्यात टिकला नसता. (मोबदल्याचा प्रश्न मी सोडलेला नाही, हेही सांगून ठेवतो.)

१४ फेब्रुवारी २००९ च्या ५.० आवृत्तीत हा प्रोग्राम ६३ भाषांत बोलू लागला. त्या वेळी नव्याने आलेल्या पाच भाषांत मराठी होती.