वॉशिंग मशीनला पेट्रोलचं इंजिन आणि लोण्याची रवी! जुनी मशीन खरंच भारी होती का?

चार पाय, त्यावर कपड्यांची टाकी आणि वर रबरी रोलरची जोडी. जुन्या अमेरिकन वॉशिंग मशीनचा असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. रसवंतीच्या चरकात ऊस घालावा तसा ओला कपडा रोलरमध्ये घालायचा, पलीकडून तो पापडासारखा चपटा होऊन येतो. खाली कमेंट ठरलेली : "आताची मशीन पाच वर्षं टिकत नाहीत, जुनं ते सोनं." यात तथ्य किती?

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे मेटॅग. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन नावाचं गाव आहे. तिथे 1893 मध्ये ही कंपनी सुरू झाली ती शेतीची अवजारं बनवायला. पहिलं वॉशिंग मशीन आलं 1907 मध्ये. पण खरी कमाल केली 1922 च्या 'जायराफोम'ने. तोवर बऱ्याच मशीनमध्ये झाकणाला लावलेल्या खुंट्या कपडे ओढून-घुसळून काढायच्या. मेटॅगने घुसळणारा पंखा टाकीच्या तळाशी बसवला. आता कपडे ओढण्याऐवजी साबणाचं पाणीच कपड्यांमधून जोरात फिरू लागलं.

तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शेतांवर वीज नव्हती. म्हणून पेट्रोलचं छोटं इंजिन लावलेलं मॉडेलही निघालं. पायाने किक मारून सुरू करायचं आणि धुराची नळी खिडकीतून बाहेर सोडायची! बरं, इंजिन चालूच आहे तर त्याच मशीनला जोडायला लोणी काढायचं भांडं आणि खिमा करायचं यंत्रही मिळायचं. आजच्या कुठल्या 'स्मार्ट' मशीनला हे जमतं सांगा.

आता फायद्याचं बोलू. एक घाणा साधारण दहा मिनिटांत धुऊन व्हायचा. मुख्य म्हणजे पाणी फेकावं लागत नसे. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी शेतातले मळके, सगळे त्याच साबणाच्या पाण्यात. शेजारी खळबळायच्या पाण्याचं टब. रोलर फिरवून टबाकडे वळवता यायचे, त्यामुळे पिळून निघालेलं साबणाचं पाणी परत टाकीतच पडायचं. आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिकमध्ये चादरी काढल्यावर त्याच पाण्यात पायपुसणी टाकतात, तोच हिशोब.

पण मशीन आपलं आपण थांबत नसे. साध्या मॉडेलला टायमर नव्हता, विसरलात की कपडे घुसळतच राहायचे. धुण्याचा दिवस म्हणजे मशीनपाशी उभं राहण्याचा दिवस. रोलरमध्ये शर्टाची बटणं आत दुमडून घालावी लागत, नाहीतर तुटलीच म्हणून समजा.

बटणांवरच भागलं असतं तर ठीक होतं. कपड्याबरोबर बोटं आत गेली की रोलर हात ओढून घेत. लहान मुलांचे हात कोपरापर्यंत, कधी त्याच्याही वर अडकायचे. त्वचा सोलली जायची, आतले स्नायू चिरडायचे. हे इतक्यांदा घडलं की डॉक्टरांनी या दुखापतीला 'रिंगर आर्म' असं वेगळं नाव दिलं. पुढे रोलर झटक्यात सैल करणारा दांडा आला. तरी ज्याचा हात अडकलाय त्याला तो दांडा सुचायला हवा ना? व्हिडिओत हा भाग येत नाही.

टिकाऊपणाचं काय? टाकी जाड, गिअर दणकट, इलेक्ट्रॉनिक बोर्ड नाहीच. साध्या पान्या-पक्कडीने उघडता येतं, हे सगळं खरं. मात्र आज दिसतात ती उरलेली मशीन आहेत. जी बिघडली ती कधीच भंगारात गेली, त्यांचे व्हिडिओ कोण काढणार? त्यामुळे जुनं प्रत्येक मशीन अमर होतं, हे काही पटत नाही.

गंमत म्हणजे 1937 मध्ये बेंडिक्सचं ऑटोमॅटिक मशीन येऊनही मेटॅगने रोलरवालं मॉडेल थेट 1983 पर्यंत बनवलं. 2006 मध्ये व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला. वीज न वापरणाऱ्या अनेक आमिश कुटुंबांत मात्र अशी मशीन अजून चालतात, कुठे पेट्रोलवर, कुठे दाबाच्या हवेवर.

असं एखादं विजेवरचं जुनं मशीन हाती लागलंच, तर प्लग लावायची घाई करू नका. जुन्या वायरींचं रबर सुकून गळून पडलेलं असतं, अर्थिंग अनेकदा नसतंच, आणि समोर असते पाण्याने भरलेली धातूची टाकी. आधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग बदलून घ्या, अर्थिंग द्या. आणि रोलर सुरू असताना लहान मुलांना त्या खोलीतच येऊ देऊ नका.