पाडण्याआधी घराचा नकाशा काढून ठेवा

ठाकुर्ली-डोंबिवलीत सध्या चार माणसं जमली की विषय एकच, रिडेव्हलपमेंट. बातमीसाठी सोसायट्यांच्या मीटिंगांना मी जातो. कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस किती, यावर तासन् तास चर्चा होते. घर आतून कसं असावं, यावर पाच मिनिटंसुद्धा नाही.

चोळेगावापासून कल्याणच्या पारनाक्यापर्यंत जुनी घरं एकेक करून जातायत. पाडताना सागवान विकलं जातं, कौलं विकली जातात. घर कसं बांधलं होतं ही माहिती मात्र राडारोड्यात जाते.

याची किंमत पुण्याला विचारा. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची, आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला. आज तटाच्या आत जोती आणि कारंजी दिसतात. वरचे मजले कसे होते, ते जुनी कागदपत्रं आणि वर्णनं जुळवून सांगावं लागतं. उलट १८०७ चा विश्रामबागवाडा उभा आहे, म्हणून त्याचे सुरूचे कोरीव खांब आजही टेप लावून मोजता येतात.

हे मोजण्याचं काम आपल्या मुंबईत पूर्वीच सुरू झालं होतं. क्लॉड बॅटली हे इंग्रज आर्किटेक्ट १९२३ ते १९४३ जे. जे. च्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांच्याच फर्मचं. भारतीय वास्तुकलेवरच्या त्यांच्या पुस्तकात विद्यार्थ्यांनी जुन्या वास्तू प्रत्यक्ष मोजून काढलेली रेखाटनं आहेत. विलायती नमुने गिरवण्यापेक्षा इथल्या ऊन-पावसात टिकलेल्या बांधकामातून शिका, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत १९३३ च्या मंदीत सरकारने बेकार आर्किटेक्टना जुनी घरं मोजायला लावली. ते नकाशे आज कुणालाही फुकट बघता येतात आणि नवीन घर बांधणारे त्यावरून कल्पना घेतात.

आता तुम्ही म्हणाल, वन बीएचकेमध्ये वाडा कसा बसवणार? नाहीच बसणार. पण नकाशा समोर ठेवला की खांब आणि नक्षीच्या पलीकडचं दिसतं. आपल्याकडच्या जुन्या घरात ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार असा क्रम असे. पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर, म्हणजे वारा आरपार. परका माणूस ओटीवर बसे, घरातल्यांना माजघरात मोकळीक. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढलेलं, आणि पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उंच. वाड्याच्या चौकातून मधल्या खोल्यांनाही उजेड मिळे. आपल्या बिल्डिंगमधल्या डक्टचं कामही खरं तर तेच. आज तिथे पाइप, कबुतरं आणि कचरा.

यातलं बरंच काही फ्लॅटमध्ये मागता येतं. समोरासमोर खिडक्या मागा, खिडकीवर रुंद छज्जा मागा, दारात चपला काढून दोन मिनिटं टेकण्यापुरती जागा मागा. बिल्डरचा प्लॅन फायनल होण्याआधी बोललात तरच उपयोग. नंतर भिंत हलत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुनं ते सगळं वाचवा, असं माझं म्हणणं नाही. २०१५ च्या पावसाळ्यात आपल्याच ठाकुर्लीत इमारत कोसळून माणसं गेली, हे कुणी विसरलेलं नाही. धोकादायक घर रिकामं झालंच पाहिजे, आणि मोजायलासुद्धा त्यात कुणी शिरू नये. पण जे घर अजून धड आहे आणि दोन-चार वर्षांत पाडायचं ठरलंय, त्यासाठी एक रविवार काढा.

लागतं काय? टेप, वही आणि दोन माणसं. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, हे लगेच कळतं. दारं-खिडक्यांची रुंदी, जमिनीपासून उंची, जोत्याची आणि आढ्याची उंची लिहा. मग एक मीटरला दोन सेंटिमीटर या मापाने कागदावर उतरवा. घरात आर्किटेक्चर शिकणारी मुलगी-मुलगा असेल तर उत्तमच, त्यांना हे कॉलेजात शिकवतात. शेवटी आजीला शेजारी बसवा आणि कुठल्या खोलीत काय चालायचं ते नकाशावरच लिहून घ्या.

घर पाडायला जेसीबीला एक दिवस पुरतो. त्याआधी आपला एक दिवस द्या, आणि तो कागद बिल्डरच्या मीटिंगला सोबत घेऊन जा.