तुस्त्ला प्रदेश
(स्पॅनिश – लोस तुस्त्लास). मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातील, मेक्सिकोच्या आखातालगतचा ज्वालामुखीजन्य पर्वत, सरोवरे व किनारपट्टी यांचा प्रदेश. राज्याच्या दक्षिण भागातील सखल किनारी मैदानात, पश्चिमेकडील पापालोआपान व पूर्वेकडील कोआत्साकोआल्कोस या नद्यांच्या खोऱ्यांदरम्यान तो बेटासारखा उभा आहे. सान मार्तीन तुस्त्ला (सु. १,६५० मी.) हा येथील ज्वालामुखी ऐतिहासिक काळातही जागृत होता. सांतियागो तुस्त्ला, सान आंद्रेस तुस्त्ला व कातेमाको ही प्रमुख गावे आहेत. ‘तुस्त्ला’ हे नाव सामान्यतः नावाट्ल भाषेतील ‘सशांचे स्थान’ या अर्थाच्या शब्दापासून आल्याचे मानतात. काही अभ्यासक त्याचा संबंध पिवळ्या पोपटांशी जोडतात.

कातेमाको सरोवर (सु. ७२ चौ. किमी.; समुद्रसपाटीपासून सु. ३४० मी. उंच) लाव्हाप्रवाहांनी दरी अडविल्यामुळे तयार झाले. कातेमाको गावापासून किनाऱ्यावरील सोंतेकोमापानचे खारकच्छ रस्त्याने सु. २० किमी. आहे, परंतु सरोवराचे पाणी त्या दिशेने जात नाही. ते विरुद्ध दिशेला एयिपान्त्ला धबधब्यावरून खाली उतरते आणि सान ह्वान व पापालोआपान नद्यांमार्गे मोठा वळसा घेऊन समुद्रास मिळते. प्रवाशांचेही काहीसे असेच झाले. व्हेराक्रूझ बंदरातून मेक्सिको शहराकडे जाणारा राजमार्ग पश्चिमेस वळत असल्याने हा डोंगराळ भाग बाजूला पडला. आखाताकडील उतारांवर वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि अमेरिका खंडातील उष्ण कटिबंधीय वर्षावनाची उत्तर सीमा साधारणतः येथेच मानली जाते. दुर्गमतेस हे अरण्यही कारणीभूत होते.

प्राचीन काळी मात्र हा प्रदेश बाजूला नव्हता. महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेला बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, हीच येथील पहिली संपत्ती. दक्षिणेकडील गाळाच्या मैदानात दगड मिळत नाही; तरीही इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात सान लोरेन्सो येथील ओल्मेक लोकांनी बेसाल्टची प्रचंड मानवी शीर्षे घडविली. त्यांचा दगड तुस्त्ला पर्वतातील सेर्रो सिंतेपेकच्या परिसरातून सु. ६० किमी. अंतरावर नेला गेला. पुढे ला व्हेंता येथे तो त्याहूनही दूर पोहोचला. चाके व ओझ्याची जनावरे नसताना कित्येक टनांचे हे दगड ओढत नेले की तराफ्यांवरून, याविषयी मतभेद आहेत. पण एवढे मनुष्यबळ कामास लावणारी सत्ता तेथे होती, हे त्यावरून निर्विवाद ठरते. सान मार्तीन पाहापान या ज्वालामुखीच्या शिखराजवळही ओल्मेकांनी एक मूर्ती स्थापिली होती. फ्रान्स ब्लोम व ऑलिव्हर ला फार्ज यांनी १९२५ मध्ये तिची पाहणी केली. ती आता हालापा येथील संग्रहालयात आहे.

या संस्कृतीचा आधुनिक काळातील शोध तुस्त्लाच्या पश्चिम पायथ्याशी सुरू झाला आणि तो प्रथम लागला तो विद्वानांना नव्हे, तर शेतमजुरांना. वेयापान येथील जमीनदारीत जंगलतोड करताना एका मजुरास जमिनीत पालथ्या घातलेल्या मोठ्या लोखंडी कढईसारखे काही दिसले. ते पाषाणाचे महाशीर्ष होते. होसे मारिया मेल्गार याने ते १८६२ मध्ये पाहिले व १८६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याने त्याचा संबंध आफ्रिकेशी जोडला. या अनुमानास पुरातत्त्वीय आधार नाही. तथापि ते अद्यापही लोकप्रिय लेखनात आढळते. १९०२ मध्ये याच पायथ्याशी नांगरट करताना एका शेतकऱ्यास बदकाच्या चोचीचा मुखवटा घातलेली हिरव्या दगडाची एक लहान मूर्ती मिळाली. ‘तुस्त्ला मूर्ती’ म्हणून ती प्रसिद्ध असून तिच्यावर इ. स. १६२ ही तिथी कोरलेली आहे. माया लोकांच्या नगरांपासून इतक्या दूर, मायांच्या ज्ञात लेखांहून जुनी तिथी सापडावी, हे त्या वेळच्या अभ्यासकांना पचनी पडणे कठीण होते.

हा वाद १९३९ मध्ये चिघळला. वेयापानच्या महाशीर्षाचे स्थळ तोवर त्रेस सापोतेस या नावाने ओळखले जाऊ लागले होते. तेथे उत्खनन करणाऱ्या मॅथ्यू स्टर्लिंगला एका शिलास्तंभाचा (‘सी’ स्तंभ) खालचा तुकडा मिळाला. त्यावर दीर्घगणनेतील तिथी होती. पण तिचा सर्वांत महत्त्वाचा, शतकांचा निर्णय करणारा पहिला अंक तुटलेल्या भागाबरोबर गेला होता. मॅरियन स्टर्लिंग यांनी गणित करून तो सात असावा असे ठरविले. त्यानुसार तिथी इ. स. पू. ३२ च्या सुमारास येते. एरिक टॉम्पसनसारख्या माया-विशारदांनी हे वाचन अमान्य केले. तिकडे मेक्सिकन अभ्यासकांनी १९४२ मध्ये तुस्त्ला गुत्येर्रेस (नामसाम्य असले तरी हे शहर चीआपास राज्यात आहे) येथील परिषदेत ओल्मेक संस्कृतीच जुनी असल्याचे प्रतिपादन केले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ला व्हेंता येथील रेडिओकार्बन कालमापनाने त्यांना दुजोरा मिळाला आणि १९६९ मध्ये स्तंभाचा वरचा तुकडाही सापडला. त्यावर सात हाच अंक होता. वास्तविक हा स्तंभ ओल्मेकांच्या वैभवकाळानंतरच्या शतकांतील आहे. वादात त्याला आलेले महत्त्व त्याच्या खऱ्या स्थानापेक्षा अधिक होते. त्याचा खालचा भाग मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात, तर वरचा त्रेस सापोतेस येथेच आहे. १९७० मध्ये सांतियागो तुस्त्लाजवळ कोबाता येथे ज्ञात महाशीर्षांपैकी सर्वांत मोठे (उंची सु. ३.४ मी.) सापडले. डोळे मिटलेले हे शीर्ष त्या गावाच्या चौकात ठेवले आहे.

सरोवराच्या पश्चिमेस माताकापान येथे इ. स. पहिल्या सहस्रकाच्या मध्यास मोठे कुंभारकाम केंद्र होते व तेथील वास्तुशैलीवर तेओतीवाकानची छाप दिसते. पुढे हा भाग ॲझटेकांचा मांडलिक बनला.

१५२९ मध्ये एर्नान कोर्तेस यास मिळालेल्या जहागिरीत तुस्त्लाचा समावेश होता. त्याने येथे काढलेला ऊस-गाळपाचा कारखाना हा न्यू स्पेनमधील अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक होय. साथींमुळे लोकसंख्या घटली आणि मोकळ्या जमिनींवर गुरे आली. किनारा चाच्यांना सोयीचा होता. १६८३ मध्ये व्हेराक्रूझ लुटणाऱ्या लॉरेन्स डी ग्राफने रोका पार्तिदा येथील गुहेत खजिना दडविल्याची आख्यायिका आहे. १६६४ व १७९३ मध्ये सान मार्तीनचे उद्रेक झाले. दुसऱ्या उद्रेकाची राख पेरोतेपर्यंत पोहोचली. त्याचे प्रत्यक्ष निरीक्षण वनस्पतिशास्त्रज्ञ होसे मारियानो मोसिन्यो याने नोंदवून ठेवले असून या प्रदेशाच्या प्रवासवर्णनांत त्याची नोंद फार मोलाची आहे.

एकोणिसाव्या शतकात ज्वालामुखीच्या मातीत तंबाखूने मूळ धरले. वसाहतकाळातील सरकारी मक्तेदारीने लागवड ओरिसाबा, कोर्दोबा इ. भागांपुरती मर्यादित केली होती. स्वातंत्र्यानंतर कालांतराने ते बंधन उरले नाही. क्यूबातील १८६८–७८ च्या युद्धाच्या काळात आलेल्या जाणकारांचाही त्यास हातभार लागला. चिरुटाच्या वेष्टनासाठी सान आंद्रेसचे काळसर पान आजही नावाजलेले आहे. ही भरभराट पूर्वेकडील सांता मार्ता डोंगरातील पोपोलुका व नावा लोकांच्या वाट्याला मात्र आली नाही. पोर्फिरिओ दिआसच्या राजवटीत सोतेआपान परिसरातील त्यांच्या सामाईक जमिनी बड्यांच्या हाती गेल्या. ३० सप्टेंबर १९०६ रोजी इलारिओ सालासच्या नेतृत्वाखाली त्यांनी उठाव केला. तो मोडून काढण्यात आला. तथापि १९१० च्या क्रांतीच्या पूर्वचिन्हांत त्याची गणना होते. पोपोलुकांची भाषा मिहे-सोके कुळातील असून ओल्मेकांची भाषाही त्याच कुळातील असावी, असे मत १९७६ मध्ये मांडले गेले. ते ग्राह्य धरल्यास, जमिनीवरून बेदखल झालेले हे लोक भाषेच्या नात्याने या भूमीचे जुने वारस ठरतात.

विसाव्या शतकात कुरणांसाठी झालेली जंगलतोड सर्वांत विनाशक ठरली. सान मार्तीनच्या परिसरातील मूळ अरण्यापैकी ८४ टक्के १९८६ पर्यंत नष्ट झाले होते. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने येथे जीववैज्ञानिक संशोधन केंद्र स्थापन केले आणि १९९८ मध्ये १,५५,१२२ हेक्टर क्षेत्र जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. एवढ्या नुकसानीनंतर ही घोषणा उशिराच झाली, असे म्हणावे लागते. कातेमाको सरोवरातील मासे व तेगोगोलो नावाची खाद्य गोगलगाय यांवर काठच्या कोळ्यांचा निर्वाह चालतो. १६ जुलैस कार्मेन मातेची यात्रा भरते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणारा मांत्रिकांचा मेळावा मात्र १९७० च्या दशकातील असून त्याच्या प्राचीनतेविषयी सांगितले जाते त्यात पर्यटनाच्या जाहिरातीचा भाग अधिक आहे. सरोवरातील एका बेटावरची माकडेही स्थानिक नव्हेत. १९७४ मध्ये ती संशोधनासाठी सोडण्यात आली. कातेमाकोहून सोंतेकोमापानमार्गे मोंतेपिओच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता बहुतांशी कुरणांमधून जातो. संशोधन केंद्राचे अरण्य त्याच रस्त्यालगत आहे.