बगॅसच्या आधी हाडांचा कोळसा होता

पीएचडीचा विषय शोधताना 'शेतातल्या टाकाऊ मालापासून अधिशोषक' हा विषय तुमच्यासमोर हमखास येणार. भाताचं तूस, शेंगांची टरफलं, उसाचा बगॅस... माल स्वस्त, आणि मिथिलीन ब्लू लॅबमध्ये असतंच. विषय जरूर घ्या, पण आधी त्याचा इतिहास वाचा.

१७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लोविट्झ हा रसायनशास्त्रज्ञ टार्टरिक आम्लाचे स्वच्छ स्फटिक मिळवायच्या खटपटीत होता. द्रावणात लाकडी कोळसा घातला की तपकिरी रंग निघून जातो, हे त्याच्या लक्षात आलं. रंगाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतात. हेच अधिशोषण.

साखर शुद्ध करणाऱ्यांनी ही युक्ती उचलली. १८११ मध्ये फ्रान्समध्ये फिगिए याने दाखवलं, की रंग काढायला हाडांचा कोळसा जास्त चांगला. पण दरवेळी नवा कोळसा कुठून आणणार? म्हणून कारखान्यांनी वापरलेला कोळसा धुतला, भट्टीत तापवला आणि पुन्हा वापरला. हा धंदा टिकला तो या पुनर्वापरामुळे.

टाकाऊ मालही नवा नाही. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कसाठी नारळाच्या करवंट्यांचा कोळसा वापरला गेला. अमेरिकेत तर लोकांकडून पीचच्या बिया गोळा केल्या गेल्या. त्याच काळात, १९१८ मध्ये, लँगम्युअरने आपलं समीकरण मांडलं. ते काच, अभ्रक आणि प्लॅटिनमवर चिकटणाऱ्या वायूंसाठी होतं. त्यात गृहीत आहे, की सगळ्या जागा सारख्या आणि थर एकच. तुमचा बगॅसचा कोळसा तसा असतो का? आलेख सरळ आला म्हणजे हे सिद्ध झालं, असं नाही.

आता आपले पेपर बघा. बहुतेक 'इतके टक्के रंग निघाला' इथेच थांबतात. अहो, रंग नाहीसा झालेला नाही, पाण्यातून कोळशावर गेलाय! तो कोळसा उद्या कुठे टाकणार? आणि बगॅस तरी फुकट कुठे आहे? साखर कारखाना तो बॉयलरमध्ये जाळतो.

म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच एक प्रयोग वाढवा: तोच कोळसा धुऊन पाच वेळा वापरा आणि दरवेळी क्षमता किती उरते ते मोजा. आकडे घसरले तरी लपवू नका. व्हायवात हा प्रश्न आला, तर तुमच्याकडे उत्तर असेल.