भट्टीतली उष्णता जाते कुठे?

प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करून दाखवताना लीबिगच्या संघनित्रात खालून थंड पाणी शिरते व वरून कोमट होऊन बाहेर पडते. ते कोमट का झाले, हे आपण वर्गात विचारतो. त्या उष्णतेचे पुढे काय होते, हे मात्र सहसा विचारत नाही.

कामठीचे नाव भूगर्भशास्त्रात एका खडकथराला मिळाले आहे आणि या परिसरात दगडी कोळसाही आहे. पण पूर्व विदर्भात मोहफुलांची दारू गाळणारी भट्टी लाकडावरच चालत आली. चुलीवर सडव्याचे मडके, वरच्या तोंडाशी थंड पाण्याचे भांडे. वाफ त्या भांड्याच्या बुडाला लागून ठिबकते. वरचे पाणी तापले की ते ओतून द्यायचे आणि नवे भरायचे. पाणी किती वेळा बदलले, यावरून दारू कितपत उतरली ते ओळखतात. वाफेची सुप्त उष्णता जाते ती या ओतून दिलेल्या पाण्यात.

आम्ही एक ढोबळ हिशेब करून पाहिला. १०० किलो सडवा उकळीपर्यंत तापवायला सुमारे २५ मेगाज्यूल लागतात. त्यातले ३० किलो वाफेवाटे काढायला आणखी ५५. एकूण ८०. एक किलो सुके लाकूड सुमारे १६ मेगाज्यूल देते, म्हणजे ५ किलो पुरावे. पण उघड्या चुलीत १० ते १५ टक्केच उष्णता मडक्याला लागते. लाकूड लागते ३५ ते ५० किलो!

यावर जुना उपाय आहे. दिव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आर्गां या स्विस संशोधकाने १७८०च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील भट्ट्यांत वाफेच्या उष्णतेने पुढच्या खेपेची वाइन तापवली. १८३० साली ईनियस कॉफी याने पेटंट घेतलेल्या स्तंभातही थंड द्रावणाची नळी वाफेतूनच जाते. गंमत म्हणजे कॉफी हा आयर्लंडमध्ये अबकारी खात्याचा अधिकारी होता. त्याचा स्तंभ अखंड चालणाऱ्या मोठ्या कारखान्याला शोभतो. लहान भट्टीला आर्गांची युक्ती पुरते, पण तिने ८० पैकी फार तर २५ मेगाज्यूल वाचतील. ४० किलो लाकडातले सुमारे १२ किलो. उलट जाळी, धुराडे आणि मडक्याभोवती बंदिस्त मातीची भिंत यांनी चुलीची कार्यक्षमता २५ टक्क्यांवर नेली, तर निम्मे लाकूड वाचते. म्हणून आमच्या मते आधी चूल, मग नळी.

मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भट्टी हा गुन्हा आहे. नाल्यात लपून चालणाऱ्या भट्टीला पक्की चूल कोण बांधणार? लाकूड जंगलातून येते, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

परवानगीच्या चौकटीत काय जमते, ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात दिसले. अनिल राजवंशी व सहकाऱ्यांनी गोड ज्वारीच्या रसापासूनचे अल्कोहोल सूर्याच्या उष्णतेवर गाळले. ३८ चौरस मीटर सपाट संग्राहक, गरम पाण्याची टाकी आणि दिवसाला ३० ते ४० लिटर अल्कोहोल, तेही ९५ टक्के तीव्रतेचे. पुढे याच संस्थेने निम्मे पाणी असलेल्या अल्कोहोलवर जळणारा स्टोव्ह तयार केला. तेवढ्या तीव्रतेचे अल्कोहोल साध्या भांड्यातूनही मिळवता येते, मात्र त्यासाठी सहसा दुसऱ्यांदा गाळावे लागते.